बसून ऐकणारी माणसं

प्रिय भाऊजी,

मी कारंज्याच्या एसटी स्टँडवर बसलो आहे. रिसोडची गाडी अजून लागली नाही. ती लागायच्या आत मला कोणाशी तरी बोलायचं आहे. जिवंत माणसाशी बोललो तर तो एक तर मला अडवेल, नाही तर खुशाल जा म्हणेल. मला दोन्ही नको. म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला जाऊन दीड वर्ष होत आलं, तुम्ही काय अडवणार!

हसू नका. शाळेतल्यासारखं लिहायचा प्रयत्न करतो आहे. आठवीत शाळा सोडली, त्यानंतर मोठं असं काही लिहिलंच नाही. मधेमधे आपलं घरचं बोलणं घुसेल, तेवढं सांभाळून घ्या.

आधी बातमी सांगतो. उद्या संध्याकाळी मला चर्चमध्ये क्लारनेट वाजवायचं आहे. तुमचं क्लारनेट. एका जागी उभं राहून. आणि लोक बाकांवर बसून ऐकणार आहेत.

भाऊजी, बसून! तुम्ही जन्मभर बँडमध्ये वाजवलं, मी तुमच्या मागं राहून वाजवलं. आपलं कधी कोणी बसून ऐकलं का हो? लोक नाचले. नवरदेवाच्या मामानं तोंडात नोट धरून नाग केला. 'अबे जोरात वाजवा ना, खाऊन नाही आले का?' असं ओरडले. घोडा बुजला तर शिव्या आपल्यालाच. पण गाणं चालू असताना एखादा माणूस खाली बसला, हात मांडीवर ठेवले आणि आपल्याकडं पाहत राहिला, असं झालं का? मला तर एकही आठवत नाही. आणि आता पूर्ण चर्चभर तशी माणसं बसणार. विचार केला तरी तोंड कोरडं पडतं. कोरड्या तोंडानं क्लारनेट वाजत नाही, हे तर तुम्हीच शिकवलं.

बायपासजवळचं ते लहान चर्च तुम्हाला ठाऊक आहे. वरात तिथून जाताना तुम्ही हात खाली करून बाजा हळू करायला लावायचे. तिथल्या पाळकसाहेबांचा मुलगा सॅमदादा पुण्याहून परत आला आहे. वडिलांचे गुडघे गेले, म्हणून. तिकडं तो हॉटेलांत पियानो वाजवायचा, जॅझ नावाचं संगीत. इथं आल्यावर त्याला चर्च फार रिकामं वाटलं. रविवारी मोजकी माणसं येतात, बाकीचे दिवस चिमण्या. मग त्यानं ठरवलं, दिवाळीनंतर होळीपर्यंत महिन्यातून एक शनिवार संध्याकाळी चर्चमध्ये जॅझ वाजवायचं. कोणीही या, कोणत्याही जातीधर्माचा या. तो याला 'सिझन' म्हणतो. नागपूरचा एक ट्रम्पेटवाला येणार आहे, गोव्याची एक बाई येणार आहे जी सॅक्सोफोन वाजवते. पण पहिला शनिवार घरच्या माणसांचा, असं तो म्हणाला.

घरची माणसं म्हणजे तो स्वतः, आपल्या बँडमधला ड्रमवाला नूर, आणि मी.

मी यात कसा अडकलो? मला तरी कुठं कळलं! तुम्ही गेल्यावर बँड फुटला हे तुम्हाला माहीत नसेल. नूर कूलर दुरुस्त करतो. मी सुरतेला गेलो, तिथून ट्रकवर क्लिनर म्हणून इंदूरला, तिथं एका खानावळीत कांदे कापले. कांदे कापणारा दुसरा पोरगा बिहारचा होता, तो डोळ्यात पाणी येऊ नये म्हणून तोंडात पावाचा तुकडा धरायचा. खरंच येत नाही पाणी! पण हे कायले सांगतो आहे मी तुम्हाला. तर, उन्हाळ्यात परत आलो. ताईनं काही विचारलं नाही, नुसतं तुमचं क्लारनेट पेटीसकट पुढं ठेवलं. म्हणाली, "पेटीत पडून पडून याले वाळवी लागीन. घे."

मी धनजच्या रस्त्यानं चालत वाजवायचो, तुम्ही शिकवलं तसं. एक दिवस बराच वेळ मागून मोटारसायकलचा आवाज येत राहिला, पण गाडी काही पुढं जाईना. वळून पाहिलं तर एक चष्मेवाला माणूस, पाय जमिनीला घासत, माझ्या चालीनं गाडी चालवत होता. मी म्हटलं, "रस्ता मोकळा हाय ना दादा, जा ना पुढं." तो म्हणाला, "तू थांबवू नकोस. जळतंय ते माझं पेट्रोल आहे." तो सॅमदादा.

जॅझ म्हणजे काय, हे त्यानं मला आणि नूरला चर्चच्या पायरीवर बसून समजावलं. आधी सगळ्यांनी मिळून एक गाणं वाजवायचं. मग एकेकानं त्या गाण्यावर आपलं आपलं बोलायचं, बाजानं, मनातलं. बाकीच्यांनी त्याला नुसता हात द्यायचा. सगळ्यांची पाळी झाली की परत सगळे मिळून.

नूर म्हणाला, "मंजे ग्रामसभा!"

सॅमदादा म्हणाला, "हो, तसंच."

"तसंच कसं?" नूर म्हणाला, "ग्रामसभेत एकजण बोलते तवा बाकीचे ऐकतात का?"

तेव्हा मीही हसलो होतो. भीती वाटली नव्हती. भीती पहिल्या तालमीला वाटली.

गाणं म्हणजे चर्चमध्येच म्हणतात त्या एका जुन्या भजनाची चाल. सोपी आहे, तुम्ही एकदा ऐकून उचलली असती. सगळे मिळून वाजवून झालं. सॅमदादानं माझ्याकडं पाहून मान हलवली, आता तू. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. बरं चाललं होतं! हवा लागत होती, दम भरून येत होता, नूरचा ड्रम जरा लांबून ऐकू येत होता, पण येत होता. मग ट्रकचा हॉर्न वाजला, कानाजवळ. डोळे उघडले तर मी बायपासवर उभा!

खरं सांगतो भाऊजी. वेदीपासून निघून, बाकांच्या मधून, दारातून, लिंबाच्या खालून, फाटक ओलांडून मी चालत चालत रस्त्यावर आलो होतो. वाजवत. मागं फाटकात सॅमदादा डोक्याला हात लावून उभा. नूर पायरीवर लोळून हसत होता.

"वरात निघाली बे! नवरदेव कुठी आहे?"

सॅमदादानं शांतपणे विचारलं, "बाहेर का गेलास?"

"मले नाही माहीत."

आणि खरोखरच मला माहीत नव्हतं. रात्री मला एवढं कळलं, की मला फक्त चालता चालता वाजवता येतं. एका जागी उभं राहून मी आयुष्यात कधी वाजवलंच नाही.

ही तुमची करणी आहे, भाऊजी! तुम्हीच म्हणायचे ना, "पाय थांबले का दम थांबते, साळ्या! पहिलं चालणं शिक, मंग फुंक." मी तेरा-चौदा वर्षांचा, शाळेतून पळालेला, कुठंच टिकत नव्हतो. ताई तुम्हाला म्हणाली, याचं कायतरी करा. तुम्ही माझ्या हातात क्लारनेट दिलं नाही, आधी नुसतं चालायला लावलं. श्वास घे, चाल. सोड, चाल. मला वाटलं, वा! पळायची सवय असलेल्या पोराला हेच पाहिजे होतं. तुम्ही माझ्या पायातली खोड मोडली नाही, तिलाच बाजा बांधून दिला. मी खूश, तुम्ही खूश. पण कधी तरी थांबायलाही शिकवायचं ना हो! तेवढा एक धडा राहून गेला, आणि तुम्ही आषाढात गेले. तेही सिझन संपल्यावर! लगनसराईतली एक वरात चुकवली नाही. छातीत घरघर, तरी शेवटच्या वरातीत पुढं तुम्हीच.

दुसऱ्या तालमीला सॅमदादानं माझ्या दोन्ही बाजूंना बाक लावले. गोठ्यात नवं गोऱ्हं बांधतात तसा मी मधे. आणि दम गेला! सूर चिरकला. कोंबडीवर पाय पडल्यासारखा आवाज निघाला. पाळकसाहेब आतल्या खोलीत होते, त्यांनी काठी टेकत येऊन विचारलं, "काय पडलं रे?" नूरला हसू आवरेना. मी मात्र घामानं भिजलो होतो. नूरसमोर ही गत, मग बाक भरल्यावर काय?

पण यापेक्षा मोठी भीती पुढंच होती.

पुढच्या तालमीला मी मनात चालायला लागलो. पायाची बोटं आतल्या आत हलवायची, बाहेरून दिसत नाही. दम परत आला. सॅमदादानं मान हलवली, आता तू. आणि मी गप्प उभा राहिलो. घाबरून नाही. मी गप्प आहे हे मला समजलंच नाही. जरा वेळानं बरोबर जागेवर सुरू केलं, एक ओळ वाजवली, परत गप्प. परत एक ओळ. असं माझी पाळी सरेपर्यंत.

सॅमदादानं पियानोचं झाकण हळूच लावलं. म्हणाला, "हे कुठं शिकलास? इतकी जागा सोडायला लोकांना वर्षं लागतात."

तोवर मला कळलं होतं मी काय करत होतो. तुम्ही एक ओळ वाजवायचे आणि मागून आम्ही तिला उत्तर द्यायचो. दहा वर्षं मी उत्तरच वाजवत आलो. म्हणून तुमची ओळ होईपर्यंत थांबलो, आणि मग माझं उत्तर. त्याला ती सोडलेली जागा वाटली. जागा कुठली! तिथं तुम्ही होते.

आता ताईचं सांगतो. बसस्टँडवर बसायची वेळ आली ती तिच्यामुळं.

परवा ती डबा घेऊन तालमीला आली. चर्चमध्ये पहिल्यांदाच. डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या बाकावर टेकली. आम्ही वाजवलं, माझी पाळी आली, मी थांबलो, वाजवलं, थांबलो. संपल्यावर सॅमदादानं तिला विचारलं, "कसं वाटलं, ताई?"

ताई म्हणाली, "बाबू, मले यातलं काय समजते! पन हा मधात मधात थांबते ना, तिथं यांचं असते."

"कुणाचं?"

"याच्या भाऊजीचं. ते गेले, म्हनून तिथं काही वाजत नाही."

आणि तिनं गुणगुणून दाखवलं, भाऊजी! माझ्या उत्तराआधीची तुमची ओळ. पूर्ण, तुमची ती शेवटाला वर जाऊन खाली येणारी मुरकी धरून. जी बाई कधी वरातीत आली नाही, जिनं तुमचा बाजा ऐकला तो सकाळी अंगणात तुम्ही रियाज करताना, चुलीपाशी बसून, पाठ फिरवून! तुम्हाला माहीत होतं का ती ऐकत होती? मला वाटतं तुम्हालाही नव्हतं. तुम्ही तर म्हणायचे, "तुह्या बहिणीले बाजा आन कुकरची शिट्टी सारखीच." तुमचंही चुकलंच की हो!

जाताना ती म्हणाली, "शनिवारी मी पुढच्या बाकावर बसीन."

ते ऐकून मी घाबरलो.

तुम्हाला आपल्या गल्लीतलं सांगायला हवं, तरच तुम्हाला समजेल. तुम्ही गेल्यापासून कोणताही बँड आपल्या गल्लीत वाजत नाही. सुतकाच्या घरासमोर बाजा बंद ठेवायची रीत तुम्हीच पाळायला लावायचे, पण सुतक किती दिवसांचं असतं? गावातले सगळे बँडवाले तुम्हाला मास्तर मानतात, त्यांनी ते संपूच दिलं नाही. वरात कोपऱ्यावर आली की चिडीचूप. नुसते पायांचे आवाज आणि घोड्याच्या टापा. आपलं घर ओलांडून पार टोकाला गेले की परत सुरू. वऱ्हाडी विचारतात काय झालं, ते म्हणतात मास्तरांचं घर आहे.

मागच्या सिझनला ताई चिडून कोपऱ्यावर गेली होती. "काहून बंद केलं रे? माह्या दारावर आलं का गप! जसं काय मीच मेली!"

बँडमधला पोट्टा म्हणाला, "काकू, मास्तरायचं घर हाय ना."

"मास्तर गेले. घर नाही गेलं!"

तरी त्यांनी वाजवलं नाही. मानच ती, कशी मोडणार! दीड वर्ष ती बाई बाजा येताना ऐकते, तिच्या दारात तुटतो आणि मग दूर जाताना ऐकते. उद्या पहिल्यांदा ती समोर बसून ऐकणार आहे.

म्हणून घाबरतो आहे. सूर चिरकायची भीती आहेच, चालत सुटायची आहेच. पण खरी भीती ही, की उद्या मी थांबेन तेव्हा ताईला तुम्ही ऐकू याल. मला माहीत आहे, येणारच. आणि मग मी वाजवायला सुरुवात केली की तुम्ही बंद व्हाल! दर वेळी. माझ्या हातानं. ती समोर बसलेली असताना. हे मला कसं जमेल, सांगा ना?

सॅमदादाला मी हे सांगितलं. त्यानं चष्मा पुसला. मग म्हणाला, "थांबतोस ते थांब. पण पंजाब, एकदा तरी तू सुरुवात कर. तुझी ओळ. उत्तर नको."

माझी ओळ! माझी कोणती ओळ आहे? मी ना एका गावात राहिलो, ना एक काम केलं. मी रिसोडच्या मोंढ्यात सोयाबीनची पोती उचलली, सुरतेत साड्यांना घड्या घातल्या. माझ्याजवळ आहे ते सगळं दुसऱ्याचं ऐकून उचललेलं. ताईसमोर माझी म्हणून ओळ वाजवली आणि ती तुमचीच निघाली तर? आणि तुमची नाही निघाली, भलतीच काही निघाली, तर? तिला वाटेल, हे गेले आता याच्यातूनही. दोन्हीकडून मीच मेलो!

मेलो म्हटल्यावर आठवलं. चर्चच्या फाटकावर फ्लेक्स लागला आहे. आमच्या तिघांचे फोटो, माझा मधोमध, खाली 'क्लारनेट : पंजाब'. परवा मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो, तर एक म्हातारबुवा फ्लेक्ससमोर थांबले, टोपी काढली आणि माझ्या फोटोला हात जोडले! हळहळत म्हणाले, "लहान वयात गेला पोरगा." आपल्याकडं फ्लेक्सवर फोटो एक तर वाढदिवसवाल्याचा, नाही तर गेलेल्याचा. केक दिसला नाही, म्हणून त्यांनी दुसरं धरलं. नूरनं ते साऱ्या गावाला सांगितलं. मी हसलो, पण चहा अर्धाच टाकून उठलो. मला वाटलं, बुवांना कळलंय, शनिवारी काय होणार ते.

शेजारच्या काकांनी विचारलंच, "काय बे, चर्चात जाऊन राह्यला म्हन्ते. धर्म बदलला का?" मी तोंड उघडायच्या आत ताई आतूनच म्हणाली, "तुमच्या पोराच्या लग्नात दोन घंटे वाजवलं यानं, तवा नाही इचारला तो याचा धर्म!" काका गेले. आपली ताई कोणालाच भीत नाही. मग मी कोणावर गेलो?

तर आज सकाळचं. सॅमदादानं हँडबिलांचा गठ्ठा दिला, रिसोडला वाटून ये म्हणाला. हे पत्र त्याच हँडबिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितो आहे. रिसोडला जायचं, वाटायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. साधं काम. पण मी निघताना क्लारनेट पिशवीत टाकलं. हँडबिलं वाटायला क्लारनेट कायले लागते? एक जास्तीचा शर्टही टाकला. मी स्वतःला सांगत होतो, असू दे, असू दे. पण मी मला ओळखतो, भाऊजी. रिसोडहून हिंगोलीची गाडी मिळते. हिंगोलीहून रेल्वे. मग उद्या संध्याकाळी सॅमदादा पियानोशी, नूर ड्रमशी, मधे माझी जागा रिकामी, आणि पुढच्या बाकावर ताई.

गाडी लागली आहे. थांबा.

*

गाडी उभी आहे, पंधरा-वीस मिनिटं निघणार नाही म्हणतात. ड्रायव्हर चहाला गेला. स्टँडवर कापसाच्या धुळीचा वास आहे, समोर एक बाई नातवाला सांगते आहे की एसटीच्या चाकाखाली नाणं ठेवलं तर पातळ होते, आणि तो ठेवायला निघाला तर त्यालाच बदडते आहे. मला भूक लागली. घाबरलो की मला भूक लागते, तुम्हाला ठाऊक आहे. ताईनं बांधून दिलेलं फडकं उघडलं.

भाऊजी, यात दशम्या आहेत!

भाकर नाही. दशम्या. दुधात मळलेल्या, तेल लावून भाजलेल्या, वर लसणाची कोरडी चटणी. ताई दशम्या कधी करते? तुम्ही बँड घेऊन लांब जायचे तेव्हा. मी सुरतेला गेलो तेव्हा. दशमी टिकते म्हणून लांबच्या वाटेला देतात. रिसोडला जाऊन दिवे लागायच्या आत परत येणाऱ्या माणसाला कोणी दशम्या बांधून देतं का?

म्हणजे तिला माहीत होतं. मी क्लारनेट पिशवीत लपवायच्या आधी तिनं दूध घालून पीठ मळलं होतं. मी पळणार हे मला कळायच्या आधी तिनं माझी वाटेतली सोय केली होती. आणि बोलली काय? "जपून जाजो." बस्स. अडवलं नाही, रडली नाही, उद्या ये म्हणाली नाही.

मी इथं बाकावर बसून रडलो, खोटं कशाला सांगू! नाणंवाला नातू पाहत राहिला. त्याच्या आजीनं विचारलं, "काय झालं गा बाबू? कोनी गेलं का?" मी म्हटलं, "नाही काकू, चटणी तिखट आहे."

तेवढ्यात कंडक्टरनं हाक मारली, "रिसोड, रिसोड! बसतं का बे? पिशवी घेऊन उभाच काहून?"

मी त्याच्याजवळ गेलो. मी चढणार होतो की नाही, मला आत्ताही सांगता येत नाही. हात दांड्याला लागला होता. पण तोंडातून निघालं ते असं, "साहेब, एवढे कागद रिसोडच्या स्टँडवर कोणाजवळ देता का? उद्याचा कार्यक्रम आहे."

त्यानं एक वाचलं. "चर्चमध्ये गाणं-बजावणं? तू वाजवतं?"

"हो."

"खुर्च्या हायेत का?"

"बाक आहेत. टेकायचे."

"मंग येतो ना गड्या! उद्या दुपारीच सुटी होते मले. दिवसभर उभं राहून राहून पाय गळून जातात. बसून ऐकाले भेटलं तं कोनाले नाही पाहिजे!"

आणि गठ्ठा घेऊन त्यानं घंटी मारली, गाडी गेली. अजून एक बसून ऐकणारा वाढला. माझ्याच हातानं वाढवला!

आता दुसरी गाडी दोन तासांनी आहे म्हणतात. मी तिची वाट पाहणार नाही. हे पान संपलं की उठतो आणि घरी जातो. ताईला काय सांगू? दशम्या उरल्या म्हणून परत आलो म्हणू? ती म्हणेल, ठेव त्या डब्यात. तिच्या तोंडावर काही दिसणार नाही, आणि मला ते पाहवणार नाही.

भीती गेली असं समजू नका. उद्या संध्याकाळी मी लिंबाखाली उभा असेन, आत माणसं येत असतील, बाक भरत असतील, आणि माझी नजर फाटकाकडं असेल. तुम्हाला कधी अशी भीती वाटली होती का हो? पहिल्या वरातीत तरी? सांगितलं का नाही कधी? एकदा तरी म्हणायचं होतं, "साळ्या, मी पण भ्यालो होतो." तेवढ्यावर मी आज इथं आलोच नसतो.

असू द्या. आता वचन देतो, ऐका. मोठं देत नाही, मोठं मी पाळत नाही.

चर्चमध्ये चपला घालून गेलं तरी चालतं, पण मी उद्या काढणार आहे. दारात नाही ठेवणार. ताईच्या हातात देईन आणि सांगीन, माझी पाळी होईपर्यंत मागितल्या तरी देऊ नको. आवारात सगळीकडं गोखरूचे काटे आहेत, अनवाणी मी फाटकापर्यंतसुद्धा पोचणार नाही. मग सॅमदादानं मान हलवली की तुमच्यासाठी थांबीन, जितकं थांबायला हवं तितकं. ताईला जे ऐकायचं ते ऐकू देईन. आणि त्यानंतर एक ओळ माझी. कशी निघेल ठाऊक नाही. चिरकली तर चिरकली. भलतीच निघाली तर भलती. पण वाजो न वाजो, पाळी सरेपर्यंत मी तिथंच उभा राहीन, ताईच्या समोर, चपलांशिवाय.

तुमचा भित्रा साळा,
पंजाब